बझर वाजतो तेव्हा : भूलयंत्रातील धोक्याच्या घंटेची कथा



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा आपल्या कार्यकारिणीचा आग्रह दरवर्षी असतो. दरवर्षी मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ असे सांगून प्रसादाच्या रांगेत उभा राहतो. यंदा मात्र विषय आपणहून समोर आला, म्हणून लिहायला बसलो आहे. मी रेल्वेच्या सिग्नल विभागातला डिप्लोमा इंजिनिअर. वैद्यकशास्त्र माझा प्रांत नव्हे. तरीही आजचा विषय आहे भूल देण्याच्या यंत्रातील धोक्याच्या घंटा. सिग्नलवाल्याने यात नाक का खुपसावे, याचा खुलासा प्रथम करतो.

२०१६ च्या मे महिन्याअखेरीस आपल्या मंडळातील एका निवृत्त भूलतज्ज्ञ काकांचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, मला एक सांगा. तुमच्याकडे वायरिंग बदलल्यावर सिग्नल चालू करण्याआधी तुम्ही काय करता?”

मी म्हणालो, “काका, नुसते सर्किट बघून आम्ही सही करत नाही. पॅनेलवर बटण दाबायचे आणि एक माणूस प्रत्यक्ष सिग्नलखाली उभा करायचा. पॅनेल जे दाखवते तेच बाहेर घडते का, हे एकेका सिग्नलसाठी, एकेका पॉइंटसाठी पडताळायचे. याला आम्ही करस्पॉन्डन्स टेस्ट म्हणतो.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “इंदूरला ते कुणी केले नाही हो.”

इंदूरला काय झाले?

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक इंदूरला आहेत. तिथले ‘एमवाय’, म्हणजे महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचे सरकारी रुग्णालय, त्यांना परिचयाचे आहे. तिथे लहान मुलांसाठी नवे शस्त्रक्रियागृह सुरू झाले होते. मे २०१६ च्या अखेरीस, एका पाठोपाठच्या दोन दिवसांत, तिथे दोन बालके दगावली. ज्या नळीतून ऑक्सिजन यायला हवा होता, तिच्यातून नायट्रस ऑक्साईड येत होता, हे नंतर उघड झाले. नायट्रस ऑक्साईड म्हणजे भूल देताना ऑक्सिजनबरोबर मिसळून वापरतात तो वायू. जुन्या पुस्तकांत त्याला ‘हसवणारा वायू’ म्हटले आहे. ऑक्सिजनच्या जोडीला तो उपयोगी, पण एकटा दिला तर काही मिनिटांत जीव घेणारा.

मला पडलेला प्रश्न साधा होता. भूलयंत्रावर एवढे काटे, दिवे, पडदे आणि बझर असतात. मग एकही कसा वाजला नाही, किंवा वाजला तर उपयोगी कसा पडला नाही? हा प्रश्न घेऊन मी काकांकडे बऱ्याच रविवारी गेलो. काकूंच्या हातच्या पोह्यांवर जे शिकलो, ते असे.

बोट नाडीवर, डोळे छातीवर

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टन याने ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. पुढच्याच वर्षी ईथर कलकत्त्याला पोहोचले. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले आणि लगेच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. वेदना थांबवणारे औषध माणूसही थांबवू शकते, हे जगाला कळले.

तेव्हा ‘मॉनिटर’ म्हणजे डॉक्टरचे बोट आणि डोळे. वाद होता तो एवढाच, की लक्ष कशावर ठेवायचे? नाडीवर की श्वासावर? या वादात आपल्या भागाचेही नाव आहे. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत दोन ‘क्लोरोफॉर्म कमिशन’ बसली. तेव्हा आपला सारा मराठवाडा त्याच संस्थानात होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे, क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. दुसऱ्या कमिशनसाठी निजामाने पैसे दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने आला.

पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय अचानक बिघडून ते बंद पडू शकते. म्हणजे नाडीवर बोट ठेवणारेही चुकले नव्हते. हैदराबादच्या मंडळींनी मेहनत प्रामाणिकपणे केली होती, पण निष्कर्ष अपुरा होता. ज्या गोष्टीवर तुम्ही लक्ष ठेवत नाही, ती बिघडल्याचे तुम्हाला कळत नाही. हा धडा पुढे शंभर वर्षे पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

खिळे, शिट्ट्या आणि सायकलची चेन

१९१७ साली लंडनच्या बॉईल यांनी सिलिंडर, मापनळ्या आणि भुलीच्या औषधाची बाटली एका चौकटीत बसवली. आपल्याकडे जुनी डॉक्टर मंडळी आजही भूलयंत्राला ‘बॉईल्स मशीन’च म्हणतात. यंत्र आले तशा यंत्राच्या चुकाही आल्या. पहिली चूक म्हणजे ऑक्सिजनच्या जागी नायट्रसचा सिलिंडर लावणे. त्यावर १९५० च्या दशकात उपाय निघाला. यंत्राच्या जुवावर दोन खिळे आणि सिलिंडरच्या तोंडावर त्यांना जुळणारी दोन भोके. ऑक्सिजनची जागा २ आणि ५, नायट्रसची ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. हे ऐकून मला हसू आले, कारण आमच्या रिले रूममध्ये अगदी हेच आहे. प्रत्येक प्रकारच्या रिलेच्या बुडाशी ठरावीक जागी पिना असतात. एका जातीचा रिले दुसऱ्याच्या जागी घुसतच नाही. माणसाच्या हुशारीवर विसंबायचेच नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

दुसरी चूक म्हणजे ऑक्सिजन संपला तरी न कळणे. त्यासाठी शिट्टी आली. ‘बोसन’ नावाच्या जुन्या यंत्रणेत दिवा बॅटरीवर लागे आणि शिट्टी नायट्रसच्या दाबावर वाजे. आता पाहा, बॅटरी उतरलेली असेल आणि नायट्रस बंद असेल, तर ऑक्सिजन संपला तरी सारे शांत! आमच्या भाषेत हे ‘अनसेफ फेल्युअर’. १९६० च्या दशकात न्यूझीलंडच्या रिची यांनी वेगळा विचार केला. त्यांची शिट्टी ऑक्सिजनवरच वाजते. दाब पडू लागला, की उरलासुरला ऑक्सिजनच शिट्टी फुंकून जातो. बॅटरी नको, दुसरा वायू नको.

सिग्नलवाल्याला यात आपलेच घर दिसते. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली, तर हात आपोआप धोक्याच्या स्थितीत जातो. ट्रॅक सर्किटची वायर तुटली, तर गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो. गाडी उशिरा येईल, लोक शिव्या देतील, पण अपघात होणार नाही. बिघाड झालाच, तर तो सुरक्षित बाजूला झाला पाहिजे.

तिसरा उपाय तर फारच गमतीचा. काही यंत्रांत ऑक्सिजन आणि नायट्रसच्या चाव्या दातेरी चाकांनी आणि सायकलसारख्या चेनने एकमेकींना जोडलेल्या असतात. नायट्रस वाढवला, की ऑक्सिजनची चावी बरोबर ओढली जाते आणि मिश्रणात ऑक्सिजन सुमारे २५ टक्क्यांखाली जात नाही. हे तर सरळसरळ इंटरलॉकिंग! पॉइंट लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही, तसेच.

आवाजावरून ओळखा

पण हे सारे पहारे यंत्रावर होते. रोग्याच्या रक्तात ऑक्सिजन पोहोचतो का, हे कोण सांगणार? ते काम केले जपानच्या ताकुओ आओयागी यांनी. निहोन कोहदेन या कंपनीत काम करताना त्यांना दुसऱ्याच एका मापनात नाडीच्या ठोक्यांचा अडथळा येत होता. तो अडथळाच उपयोगाचा आहे, हे त्यांनी ओळखले. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवायचे. ऑक्सिजन असलेले रक्त आणि नसलेले रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यातला फक्त ठोक्यागणिक बदलणारा भाग मोजायचा. १९७४ सालची ही कल्पना म्हणजे कोरोनात आपण घरोघरी बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये गेले, जग नेमके त्यांचे यंत्र शोधत फिरत होते तेव्हा.

१९८० च्या दशकात नेलकॉर कंपनीने त्यात आणखी एक भर घातली. ठोक्याबरोबर ‘टिक’ वाजायचा आणि ऑक्सिजन उतरला, की त्या आवाजाची पट्टी खाली यायची. डॉक्टरची पाठ पडद्याकडे असली, तरी कान सांगतो. तबला उतरल्याचे आपल्या कीर्तनकारांना न बघता कळते, तसे.

याच काळात एका इंजिनिअरने फार मोलाचे काम केले. बोस्टनचे जेफ्री कूपर डॉक्टर नव्हते. १९७८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भूल देताना टाळता येण्याजोग्या ३५९ घटनांचा अभ्यास छापला. विमान अपघातांसाठी वापरतात ती पद्धत त्यांनी वापरली. ८२ टक्के घटनांत माणसाची चूक होती, उघड यंत्रबिघाड केवळ १४ टक्के. नळी सुटणे, सिरिंज बदलणे, वायूचा प्रवाह चुकून बदलणे, असल्या साध्या गोष्टी. त्यानंतर १९८६ साली हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल चालू असताना काय काय सतत पाहिलेच पाहिजे, याचे नियम छापले. श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडचा आलेख दाखवणारा कॅप्नोग्राफही हळूहळू आवश्यक ठरला. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली, तर तो काही श्वासांतच सांगतो.

मग पहारे फसले कुठे?

आता इंदूरकडे परत येऊ. नळीत ऑक्सिजनच्या जागी नायट्रस आहे असे धरा आणि एकेक पहारेकरी तपासा.

खिळ्यांचा उपाय सिलिंडरसाठी. भिंतीतल्या तांब्याच्या नळीला तो लागू नाही. भिंतीवरच्या सॉकेटलाही वेगवेगळे आकार असतात, पण भिंतीच्या आतला जोड नळकाम करणाऱ्याच्या हातात. रिचीची शिट्टी दाब ओळखते, वायू ओळखत नाही. नायट्रसचा दाब पुरेसा आहे, म्हणून ती गप्प. चेनचे इंटरलॉकिंगही निरुपयोगी, कारण ‘ऑक्सिजन’ची चावी प्रामाणिकपणे नायट्रस सोडते. पल्स ऑक्सिमीटर ओरडतो, पण तोवर रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असतो. आणि सर्वांत भयंकर गोष्ट पुढेच आहे. तो ओरडला, की डॉक्टर शिकवल्याप्रमाणे काय करणार? ‘शंभर टक्के ऑक्सिजन’ देणार. म्हणजे त्याच नळीतून आणखी नायट्रस. औषध म्हणून विषच वाढवायचे.

हे वेळेवर सांगणारा पहारेकरी एकच आहे, तो म्हणजे ऑक्सिजन ॲनालायझर. रोग्याकडे जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन खरोखर किती टक्के आहे, हे तो मोजतो. त्याचा सेल झिजतो, तो वेळोवेळी बदलावा लागतो आणि साध्या हवेत २१ टक्के दाखवतो का, हे पाहावे लागते. काका म्हणाले, “शंका आली, की भिंतीची नळी काढून टाकायची आणि यंत्राचा स्वतःचा सिलिंडर उघडायचा. तेही नसेल तर हाताची पिशवी दाबून खोलीतली हवा द्यायची. खोलीच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, तो फुकट आहे आणि त्याची नळी कुणी उलटी जोडू शकत नाही.”

आणि या सर्वांच्या आधीचा पहारा म्हणजे नवी वाहिनी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक तोंडातून कोणता वायू येतो, हे उपकरण लावून तपासणे. म्हणजेच आमची करस्पॉन्डन्स टेस्ट.

हे लिहिताना आम्ही रेल्वेवाले फार शहाणे, असा सूर लागू नये. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाचा सिग्नल मिळूनही लूप लाईनवर गेली आणि २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटमधील बदलाच्या कामातले दोष पुढे आले. रिले प्रामाणिक होते, इंटरलॉकिंग प्रामाणिक होते. त्यांच्यापर्यंत पोहोचलेली माहितीच चुकीची होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. इंदूरची नळी आणि बहानग्याची वायर माझ्या डोक्यात एक झाली.

बझरवरची पट्टी

दुसरा धोका घंटा फार वाजण्याचा. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका स्टेशनावर तपासणीला गेलो असता पॅनेलच्या बझरवर कुणीतरी कागदाची घडी घालून वर चिकटपट्टी मारलेली दिसली. स्टेशन मास्तर म्हणाले, “साहेब, बॅटरी चार्जरचा अलार्म दिवसभर कोकलतो, गाड्यांची गडबड, काय करू?” मी रागावलो. पण घरी येताना वाटले, दोष एकट्या त्यांचा नाही. खोटी घंटा दहा वेळा वाजू देणारे आम्ही देखभालवालेही त्यात आहोत. चार्जर महिनाभर नादुरुस्त होता आणि तो दुरुस्त करणे माझ्याच विभागाचे काम होते. दुसऱ्या दिवशी आधी चार्जर बदलला, मग पट्टी काढली.

काका म्हणाले, शस्त्रक्रियागृहातही तसेच. घंटा सारखी वाजते म्हणून मर्यादा सैल करतात किंवा आवाज बंद ठेवतात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. खरा लांडगा त्यानंतरच येतो.

घंटा वाजूनही हाताशी पर्याय नसेल, तर काय होते, हे आपण २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकला पाहिले. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, दाब पडला आणि ऑक्सिजनवरचे २२ रुग्ण त्या दिवशी गेले. त्याच आठवड्यात आमच्या रेल्वेची पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेली होती. टँकर भरून ती परतली. तीन टँकर नागपूरला उतरले आणि उरलेले चार २४ एप्रिलला नाशिकला पोहोचले. आपल्या दिल्लीतही पहिली गाडी २७ एप्रिलला आली. त्या दिवसांत ज्यांनी माणसे गमावली, असे लोक आपल्या मंडळातही आहेत. अधिक लिहीत नाही.

एक कागद

शेवटी एका आनंदाच्या गोष्टीकडे येतो. जून २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक पानी तपासणी यादी काढली. त्या कामाचे नेतृत्व अतुल गावंडे यांनी केले. ते जन्माने अमेरिकेचे, पण वडिलांकडून घराणे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. यादीतले प्रश्न अगदी साधे. रोगी तोच ना? भूलयंत्र तपासले का? पल्स ऑक्सिमीटर लावला आहे आणि चालतो आहे का? जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि त्यांत आपली दिल्लीही होती. जानेवारी २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. मोठ्याने विचारलेले काही प्रश्न, बस्स.

२०१७ साली माझ्या पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया दिल्लीत झाली. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. मी घाबरत विचारले, “मॅडम, रागावू नका, पण यंत्रावर ऑक्सिजन ॲनालायझर आहे ना? सकाळी तपासता ना?” पत्नीने मला डोळ्यांनी दटावले. बाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, “रोज सकाळी मी स्वतः तपासते. आणि पूर्ण भरलेला वेगळा सिलिंडर यंत्रामागे असतो. बरे झाले विचारलेत, कुणी विचारत नाही.” दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलो असता दार उघडले, की आतला ‘टिक, टिक’ ऐकू यायचा. एका पट्टीत, स्थिर. त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

म्हणून वाचकहो, विनंती एवढीच. घरातले कुणी शस्त्रक्रियेला जाणार असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा आणि आदराने विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि आपापल्या कामात जो बझर आपल्या वाट्याला आला आहे, त्यावर पट्टी मारू नका.

आपला उत्सव ज्या कोपर्निकस मार्गावर भरतो, त्या रस्त्याला ज्याचे नाव आहे तो खगोलशास्त्रज्ञ पादुआला वैद्यक शिकला होता आणि रोगीही तपासत असे. आणि ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, त्याचे नावच शूर्पकर्ण, सुपाएवढ्या कानांचा. सूप फोल पाखडून दाणा ठेवते. खोट्या आवाजांतून खरी घंटा निवडण्याची तेवढी बुद्धी त्याने आपणा सर्वांना द्यावी, ही विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.

मंगलमूर्ती मोरया!